आधार शोधणारे प्रेम आणि मोकळ्या मनाचे प्रेम

एकटेपणाच्या भीतीतून जडलेले प्रेम आणि स्वतःपाशी स्वस्थ असलेल्या मनाचे प्रेम बाहेरून सारखेच दिसू शकते, कारण दोहोंत ओढ असते, काळजी असते आणि विरहाचे दुःखही असते. फरक उघड होतो तो समोरच्याने नकार दिल्यावर. पहिल्या प्रकारात तो नकार स्वतःच्या अस्तित्वावरचा आघात वाटतो. मग विनवणी, रुसवा, पाळत आणि केलेल्या त्यागाचा हिशेब सुरू होतो, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला काय हवे आहे, हेच दिसेनासे होते. दुसऱ्या प्रकारातही नकार दुखावतो, मात्र त्या दुःखाची भरपाई समोरच्याकडून मागावीशी वाटत नाही.

तरीही पहिल्या प्रकाराला हीन ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या १९७०च्या दशकातील संशोधनात असे आढळले की, ज्या बालकांना आईच्या आधाराची खात्री होती, ती तिच्या उपस्थितीत अधिक निर्धास्तपणे भोवतालचा शोध घेत. म्हणजे आंतरिक स्वातंत्र्य हे काही अंशी मिळालेल्या प्रेमाचेच फळ असते. ज्यांना ती खात्री लाभली नाही, त्यांना ‘आधी स्वतंत्र व्हा, मग प्रेम करा’ असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. विश्वासू नात्यात राहूनच त्यांची भीती हळूहळू ओसरू शकते.

निवड करायचीच, तर मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. मात्र कुणाचीच गरज भासू न देणारा कोरडा अलिप्तपणा त्यात मोडत नाही, कारण तोही दुखावले जाण्याच्या भीतीनेच बांधलेला असतो.