एका सत्राच्या प्रकल्पाला काय घ्याल : आंब्याचा करपा की हिमालयातला थुनेर?

प्रकल्पाला रोगकारक बुरशी घ्यावी की धोक्यात आलेला वृक्ष, हे ठरवण्याआधी हातात किती महिने आहेत ते मोजा. एकच सत्र असेल तर करपा घ्या. दोन-तीन वर्षे असतील तरच थुनेरकडे वळा.

करप्याची कोलेटोट्रिकम बुरशी गोव्यात शोधत फिरावे लागत नाही. पावसाळ्यात मानकुराद आंब्याच्या कोवळ्या पानांवर काळपट ठिपके पडतात, पुढे मोहोर आणि फळेही काळवंडतात. पाने कागदी पाकिटातच आणा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि भलत्याच बुरशी माजतात. तुकडे 5 मि.मी.चे, रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरून कापा, कारण ठिपक्याच्या मधल्या मेलेल्या भागात मागाहून आलेल्या बुरशीच जास्त असतात. 70 टक्के अल्कोहोलमध्ये 30 सेकंद, 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये 1 मिनिट, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. टिपकागदावर नीट कोरडे केले नाहीत तर थेंबांबरोबर जिवाणू सगळ्या बशीत पसरतात. मग तुकडे बशीतल्या माध्यमावर ठेवा. बुरशी वाढवायचे हे माध्यम बटाटा-डेक्स्ट्रोज-अगारचे: लिटरला 200 ग्रॅम बटाटा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 15 ते 20 ग्रॅम अगार. 25 ते 28 अंशांवर आठवड्याभरात बुरशी चांगली पसरते; त्यावर नारिंगी बीजाणूपुंज दिसले की दिशा बरोबर आहे.

नुसती बुरशी मिळाली म्हणजे रोगाचे कारण सिद्ध होत नाही. मिलिलिटरला दहा लाख बीजाणू असलेले द्रावण निरोगी पानांवर फवारा, 48 तास दमट ठेवा, ठिपके आले की त्यांतून तीच बुरशी पुन्हा वेगळी करा. शेजारी नुसते निर्जंतुक पाणी फवारलेली पाने हवीतच. अनेक प्रबंध इथेच लंगडे पडतात. प्रजातीचे नाव मात्र जपून लिहा. 2012 च्या वर्गीकरणाने कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइडिस या गटात 22 प्रजाती मानल्या. त्या नुसत्या बीजाणूंच्या आकारावरून ओळखता येत नाहीत, बुरशी ओळखायला वापरतात त्या एकट्या आयटीएस जनुकखंडावरूनही सगळ्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.

थुनेर, म्हणजे टॅक्सस वॉलिचियाना, हा साधारण 2,000 ते 3,300 मीटर उंचीवरचा सूचिपर्णी वृक्ष. कर्करोगावरच्या टॅक्सॉल या औषधासाठी त्याची साल आणि पाने ओरबाडली गेली. तो धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, म्हणून त्यावर काम करणारी माणसे हवीतच. पण नर आणि मादी झाडे वेगळी, वाढ अतिशय संथ आणि बी रुजायला एक वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे उगवणीचा प्रयोग सत्रात संपूच शकत नाही. गोव्यातल्या ताळगावच्या पठारावर रोप जगवण्याचा विचारही सोडा, उष्णता त्याला सोसत नाही.

एकाच दौऱ्यात जमण्यासारखे काम म्हणजे गणना: 10 × 10 मीटरचे चौकोन आखा, 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा, साल किती सोलली आहे ते नोंदवा आणि लहान रोपे मोजा. शरदात गेलात तर लाल फळांवरून मादी झाडे ओळखू येतात. संबंधित राज्याच्या वनविभागाकडे परवानगीचा अर्ज मात्र विषय नोंदवण्याआधीच करा, तिकिटे त्यानंतर.