प्रोप्रायटरशिप की एलएलपी? गोव्यात लग्न झालेल्यांसाठी गणित वेगळं पडतं

धंदा प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या नावावर ठेवायचा की एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, असं पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला विचारलंत तर तो बहुतेक वेळा एलएलपीच सुचवेल. त्याच्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी ते बरोबरही असेल. पण गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि आयकर कायदा (1961 च्या कायद्यातलं कलम 5अ) पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटतो. सगळा फरक इथून सुरू होतो.

हॉटेलांचे कपडे धुऊन देणारी लॉन्ड्री घ्या, वर्षाचा नफा 18 लाख. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर नवऱ्याकडे 9 लाख, बायकोकडे 9 लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर 2025-26 च्या नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत सूट असल्याने दोघांचाही कर शून्य. तीच लॉन्ड्री दोघांच्या एलएलपीत घातली, तर भागीदारांच्या मेहनतान्याला मर्यादा आहे: पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के, पुढच्या रकमेवर 60 टक्के. म्हणजे 12 लाख 60 हजार. भांडवलावरचं व्याज बाजूला ठेवलं तर उरलेल्या 5 लाख 40 हजारांवर सेससकट 31.2 टक्के, म्हणजे 1,68,480 रुपये कर. शिवाय हा मेहनताना फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदारालाच देता येतो. साध्या भागीदारी फर्मचंही गणित हेच. पण तिला 1961 च्या कायद्यातल्या कलम 44एडीचा, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरलेला, अंदाजित नफा दाखवता येतो, एलएलपीला ती सोय नाही.

प्रोप्रायटरशिपची कटकटही सांगायला हवी. 44एडी वापरूनही सोपा आयटीआर-4 भरता येत नाही, आयटीआर-3 च लागतो. हॉटेलं बिलातून आगाऊ कर (टीडीएस) कापतात नवऱ्याच्या पॅनवर, पण त्यातला निम्मा बायकोच्या रिटर्नमध्ये न्यावा लागतो. उत्पन्नाची ही वाटणी दाखवणारं रिटर्नमधलं शेड्यूल 5ए भरलं आणि टीडीएसच्या तक्त्यात निम्मी रक्कम जोडीदाराकडे वळवायची राहिली, तर उत्पन्न निम्मं आणि कापलेल्या कराचं क्रेडिट पूर्ण असं दिसतं, आणि क्रेडिट कापून नोटीस येते. दोघांची रिटर्न्स एकाच बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून भरली की ही चूक होत नाही.

तरीही आमचं पारडं प्रोप्रायटरशिपकडे झुकलं ते करामुळे नव्हे, डीएससी म्हणजे डिजिटल सहीमुळे. एलएलपीला दोन नियुक्त भागीदार हवेत, म्हणजे दोन डिजिटल सह्या. सहीवरचं नाव पॅनशी अक्षरशः जुळावं लागतं, आणि आपल्याकडे जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘पोरोबो’, पॅनवर ‘प्रभू’, आधारवर तिसरंच. ते सुधारेपर्यंत काम अडतं. सह्यांची मुदत संपते, सही साठवलेलं यूएसबी टोकन बदलावं लागतं. एलएलपीच्या वार्षिक विवरणाच्या फॉर्म 11 ची तारीख 30 मे, हिशेबाच्या फॉर्म 8 ची 30 ऑक्टोबर. उलाढाल शून्य असली तरी दोन्ही भरायचे. उशीर झाला की नेहमीच्या शुल्काच्या पटीत जादा शुल्क. मे अखेर म्हणजे पावसाआधीची आवराआवर, आणि ऑक्टोबर अखेर म्हणजे हॉटेलांच्या हंगामाची सुरुवात. हंगामावर चालणाऱ्या धंद्याला याहून अडचणीच्या तारखा शोधून सापडणार नाहीत.

मर्यादित जबाबदारीचं काय? मुद्दा खराच आहे. पण छोट्या एलएलपीला कर्ज देताना बँक सहसा भागीदारांची वैयक्तिक हमी घेतेच, आणि घर तारण ठेवायचं तर नवरा-बायको दोघांची सही लागतेच. उधारीवर मोठा माल उचलणाऱ्याला किंवा नुकसानभरपाईच्या दाव्याची भीती असलेल्याला मात्र एलएलपीचं कवच उपयोगी पडेल. त्यांनी माझं ऐकू नये.

बायको चांगल्या पगारावर असेल तरी हिशेब फिरतो. तिचा पगार वाटला जात नाही, पण धंद्याचा निम्मा नफा तिच्या पगारावर चढतो. पगार 15 लाख असेल तर वरचे 9 लाख 15 ते 25 टक्क्यांच्या टप्प्यांत जातात. तेव्हा दोन्ही आकडे मांडूनच ठरवा.

दोन भाऊ किंवा मित्र असतील तर प्रोप्रायटरशिपचा प्रश्नच नाही. तिथे मी भागीदारी फर्म सुचवेन, पण नोंदणी केलेलीच. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 मुळे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या थकबाकीसाठी हॉटेलावर दावा लावता येत नाही. आणि एप्रिल 2025 पासून भागीदाराचा मेहनताना आणि व्याज मिळून वर्षाला 20 हजारांवर गेलं की फर्मला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, तेव्हा पॅनबरोबर टॅनचा, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याला लागणाऱ्या क्रमांकाचा, अर्जही करून टाका.