अल्फा की पुनर्चाचणी? प्रश्नावली करणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी स्वतः प्रश्नावली बनवली की विश्वसनीयता, म्हणजे मापन किती भरवशाचं आहे, हे दाखवायला बहुधा दोनच वाटा समोर असतात. एक तर क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा काढायचा, नाहीतर पुनर्चाचणी करायची, म्हणजे काही आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा गाठून तीच प्रश्नावली भरून घ्यायची. मी दोन्ही केलं आहे.

अल्फाची सोय मोठी आहे, यात वाद नाही. प्रश्नावली एकदाच भरून घ्यायची, आकडे एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, झालं. ०.७० ओलांडलं की मार्गदर्शकही फार खोलात जात नाहीत.

पण एक गोष्ट मला फार खटकते. विधानांमधला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.२० असला, तरी १० विधानांचा अल्फा ०.७१ येतो, तशीच २० केली की ०.८३. विधानं वाढली की मापन काही अंशी खरंच सुधारतं, हे मान्य. मात्र ती वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकच वाक्य फिरवून लिहिणं. ‘मला सतत काळजी वाटते’, ‘माझ्या मनात नेहमी चिंता असते’, ‘काळजी माझी पाठ सोडत नाही’. तिसऱ्या विधानाशी पेन थांबतं आणि भरणारी मुलगी विचारते, “सर, हे मगाशीच झालं ना?” तिचं बरोबर असतं, आणि अल्फा मात्र खूश असतो.

पुनर्चाचणीला मेहनत पडते. नाव न घेता दोन कागद जुळवायचे तर आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख असा काही संकेत लिहून घ्यावा लागतो. दुसऱ्या वेळी काहीजण येतच नाहीत. अंतर कमी ठेवलं तर जुनी उत्तरं आठवतात, जास्त ठेवलं तर मध्ये परीक्षा येते. तरीही या माणसाचा गुण महिन्याभरानेही साधारण तेवढाच येईल का, हे तिथेच कळतं. अल्फा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

अर्थात, त्या क्षणाची मनःस्थिती मोजायची असेल तर अल्फाच योग्य वाटतो. मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांच्या चिंता-मापिकेत ‘आत्ता कसं वाटतंय’ या भागाच्या दोन वेळच्या गुणांमधला सहसंबंध कमी येणं अपेक्षितच आहे. तिथे बदल खरा असतो. निनावी गूगल फॉर्म असेल तर दुसरी फेरीही जवळपास अशक्य.

स्वभाव किंवा वृत्ती मोजत असाल आणि एखादा वर्ग पुन्हा भेटणार असेल, तर मी पुनर्चाचणीकडे झुकेन. अल्फा सोबत द्यावा. दुसरी तारीख मात्र पहिल्या फेरीआधीच वर्गशिक्षकांकडून पक्की करून घ्या, आणि संमतीपत्रातही लिहा.