शेव्हेलचा कॅम आणि फाईलने घासलेला नंबर

माझे २,४०० डॉलर गेले, एकच इंजिन वर्षात दोनदा खोलावं लागलं, आणि मुलगी शेजारच्या सीटवर असताना ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. पैशांचं दुःख एव्हाना ओसरलंय, त्या पेडलचं नाही. डेट्रॉइटच्या आसपास राहणारे आपले बरेच लोक अलीकडे जुन्या व्ही-८ गाड्या घेऊ लागले आहेत. त्यांच्यापैकी कुणी कॅम (लोब नावाच्या उंचवट्यांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायच्या विचारात असेल, तर दुकानात जाण्याआधी हे वाचावं.

गाडी शेव्हर्लेची, १९६९ ची शेव्हेल मालिबू. कारखान्यातून ३०७ क्युबिक इंचाचं इंजिन घेऊन निघालेली. आधीच्या मालकाने त्या जागी सत्तरच्या दशकातलं ३५० बसवलेलं. जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण कितपट दाबलं जातं ते) उतरवलं होतं, त्यामुळे माझं ३५० साडेआठास एकच्या आसपासचं. मागे तीन गिअरचा टर्बो ३५० ऑटोमॅटिक, कारखान्याचाच टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) आणि ३.०८ चा डिफरन्शियल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे). शांत, गुणी गाडी होती. शनिवारी बायको-मुलीला घेऊन आइस्क्रीम खायला जायचं, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत रांगेतून हळूहळू सरकायचं, एवढंच तिचं काम.

त्या रांगेतच आवाजाचा मोह लागला. शेजारच्या गाडीचं इंजिन उभ्या जागी ठुम-ठुम, ठुम करत बॉनेट हलवत होतं. कुणीतरी नाव सांगितलं: घरामागच्या मोठ्या गॅरेजमध्ये इंजिनं बांधणारा एक माणूस, बोलायला गोड. त्याने स्टँडवरचं एक इंजिन चालू करून तोच आवाज ऐकवला आणि म्हणाला, तुझ्या गाडीला रस्त्यावरचाच कॅम देतो, आवाज मात्र असाच. मी आकडे विचारले. फोनवर मेसेज आला: इनटेक २१४, एक्झॉस्ट २२४, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं अंतर, अंशांत) ११२. हे आकडे माझ्या इंजिनाला शोभणारे होते, म्हणून मी हो म्हटलं. रोख दिलेत तर सूट, असं तो म्हणाला, आणि मी रोख दिले. पावतीवर फक्त ‘स्ट्रीट कॅम किट, टॅपेट, स्प्रिंग, मजुरी’. कॅम कार्ड (कॅमचे आकडे छापलेला कागद) मागितलं तर म्हणाला, डब्यात असेल, शोधून देतो.

इथे थोडं थांबून आकड्यांबद्दल सांगतो, कारण फसवणूक आकड्यांच्या आडूनच होते. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) अंशांत मोजतात, त्याला ड्युरेशन म्हणतात. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हला उचल देणारा भाग) किंचित हलल्यापासून मोजलं तर आकडा मोठा येतो, आणि प्रत्येक कंपनी ते ‘किंचित’ वेगळं धरते. म्हणून टॅपेट ०.०५० इंच उचलला गेल्यापासून मोजलेला आकडाच तुलनेला उपयोगी. माझ्यासारख्या ३५० ला, कारखान्याच्या कन्व्हर्टरसह, ०.०५० वर २०४ ते २१४ अंश पुरे होतात. दुकानदार नुसताच ‘२८०’ सांगत असेल तर तो काहीच सांगत नाही.

गाडी परत आली तेव्हा आवाज अगदी हवा तसा होता. पण सिग्नलवरून गाडी निघेना. ॲक्सिलरेटर दाबला की खोकल्यासारखं करायची, मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर गेली की एकदम जागी व्हायची. घरून ऑफिसला जाताना इंजिन ३००० च्या वर जाणार कधी? उभ्या गाडीत व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा) लावला. पूर्वी काटा १८ इंचांवर स्थिर असायचा, आता सातच्या आसपास थरथरत होता. फोन केला तर उत्तर आलं, नवा कॅम आहे, ५०० मैल चालव, बसेल. कॅम असा ‘बसत’ नसतो हे मला माहीत होतं. तरी ५०० मैल चालवली, आणि त्याच काळात तक्रारीची मुदत सरली.

मग तो एकेक वस्तू सुचवायला लागला. आधी ३००० स्टॉलचा (इंजिन ३००० च्या आसपास गेल्यावर पकड घेणारा) कन्व्हर्टर घाल, मग उठेल. त्यानंतर ३.७३ चा डिफरन्शियल. ३.०८ वर ताशी ६५ मैलांना माझं इंजिन २६०० च्या आसपास फिरतं, ३.७३ घातला की तेच ३१०० च्या पुढे, आणि चौथा गिअर तर गाडीत नाहीच. हायवेवर दोन तास त्या आवाजात कोण बसणार? चुकीचा कॅम एकदा गळ्यात मारला की त्याला जुळवून घ्यायला पुढच्या तीन वस्तू खपतात, हे मला तिथे उमगलं. हा त्याचा खरा धंदा होता, असं माझं ठाम मत आहे.

पेडलची गोष्ट त्याच आठवड्यातली. पॉवर ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. हायवेवरून उतरताना रॅम्पच्या खाली सिग्नल लाल होता आणि गाड्यांची रांग उभी होती. मी सरकत्या गाडीत एक-दोनदा ब्रेक मारला, बूस्टरमधला साठा संपला, आणि तिसऱ्यांदा पेडल खाली जाईना. दोन्ही पायांनी दाबून गाडी थांबली तेव्हा पुढच्या व्हॅनच्या आणि माझ्यात हातभर अंतर होतं. मुलीने विचारलं, “बाबा, काय झालं?” मी तिला काही सांगू शकलो नाही. गाडी कशीबशी घरी आणली आणि लावून ठेवली.

कॉम्प्रेशन मोजलं: पूर्वी प्रत्येक सिलिंडरला १४५ च्या आसपास पीएसआय होतं, आता जेमतेम ११०. रिंगा खराब नव्हत्या. मोठ्या कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर येत असताना आत घेतलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळात कमी, त्याचं यात सगळ्यात जास्त नुकसान. आणि तो ठुम-ठुम आवाजही तिथलाच. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले की हळू फिरताना जळालेला वायू मागे शिरतो, मग मिश्रण कधी पेटतं, कधी चुकतं. आपण ताकद म्हणून ऐकतो ते इंजिनाचं अडखळणं असतं.

क्रँकवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणा असलेली चकती) लावलं, पहिल्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज. चढताना ०.०५० ची खूण वरच्या मृतबिंदूच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) १६ अंश आधी आली, उतरताना खालच्या मृतबिंदूनंतर ४८. सोळा अधिक १८० अधिक ४८. दोनशे चव्वेचाळीस! तीनदा मोजलं, तेवढंच आलं. एक्झॉस्टही मोजला, लोब सेपरेशन १०८ निघालं. मला २१४ सांगून त्याने शर्यतीच्या गाडीचा कॅम घातला होता.

तोवर टिक-टिक सुरू झाली होती. तेल काढलं तर धातूच्या कणांनी उन्हात चकाकत होतं. कॅम बाहेर ओढला, दोन लोबची नाकं गोल झिजलेली, आणि शाफ्टच्या टोकावर जिथे ग्राइंडचा नंबर (कॅम कोणता ते सांगणारा) असतो तिथे फाईल (कानस) मारलेली. टॅपेट उलटे केले आणि मला कोल्हापूर आठवलं. अण्णांचं उद्यमनगरात डिझेल इंजिनांचं वर्कशॉप होतं. फ्लॅट टॅपेट नावालाच सपाट असतो, हे त्यांनी मला शाळेत असताना दाखवलं होतं. नव्या टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो, म्हणूनच टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. न फिरणारा टॅपेट लोब खातो. एका टॅपेटची कड दुसऱ्याच्या तळावर ठेवून उजेडाकडे धरायची: नवा असेल तर कड मध्यावर टेकते आणि डुलते, जुना असेल तर मध्ये फट दिसते. माझ्या सोळापैकी अकरा टॅपेटमध्ये फट होती. जुने टॅपेट पुसून ‘नवे’ म्हणून विकले होते, आणि तेही दुसऱ्याच कॅमवर चालून आलेले.

मिशिगनमध्ये गाडी दुरुस्त करणाऱ्या दुकानाला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंदणी करावी लागते. त्याची नव्हती, हे मी पैसे गेल्यावर तपासलं, तुम्ही आधी तपासा. बदललेले जुने भाग परत मागायचा हक्क आपल्याला असतो, तोही वापरा. कॅम सीलबंद डब्यात, कार्डासह, आपल्या नावावर स्वतः मागवा आणि बसवणाऱ्याच्या हातात द्या. बसवल्यावर डिग्री करून मोजलेले आकडे कागदावर लिहून मागा. नकार आला तर गाडी घेऊन परत या. पैसे कार्डाने द्या, सूट सोडा. स्मॉल क्लेम्स कोर्टात मी अर्ज केला आहे. तिथे वकील चालत नाही, म्हणून मेसेज, फोटो आणि मोजलेल्या आकड्यांची फाईल मीच तयार केली आहे. तो आता फोन उचलत नाही.

नवा कॅम २०४/२१४ चा, लोब सेपरेशन ११२. टॅपेट सोळाही उजेडाकडे धरून पाहिले. लोबना पेस्ट लावली, जास्त जस्ताचं ब्रेक-इन तेल भरलं (आताच्या साध्या तेलांत जस्त-फॉस्फरस कमी असतं, जुन्या टॅपेटना ते पुरत नाही), आणि इंजिन पेटताच २००० च्या वर नेऊन वीस मिनिटं खाली येऊ दिलं नाही. त्या वीस मिनिटांत अण्णा व्हिडिओ कॉलवर होते. गोंगाटात त्यांना माझं काही ऐकू येत नव्हतं, ते एकच विचारत होते, “टॅपेट नवं घातलंस का जुनंच?” मी रिकामा डबा कॅमेऱ्यासमोर धरला.

इंजिन उभ्या जागी सावकाश फिरू दिलं तेव्हा गेजचा काटा १७ वर उभा होता. मी सीटवर बसून ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. पेडल दर वेळी पायाखाली मऊ खाली गेलं.