येणारं इंजिन तपासत बसलो, जाणारं सोडून दिलं

आंब्याच्या पैशातून आमच्याकडे कुणी कौलं बदलतं, कुणी मुलीच्या लग्नाचं बघतं. मी २०२२चा हंगाम संपल्यावर सॅन स्टॉर्म घेतली. लाल, दोनच माणसांची, छप्पर काढता येणारी. आईने अंगणात येऊन एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्या गाडयेत आंब्याची एक पेटी तरी मावतली काय रे?" मावत नाही. मी मोजून बघितलं होतं.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडी गोव्यात तयार झालेली, बॉडी फायबरची, इंजिन मात्र रेनोचं. ११४९ सीसी, ६० अश्वशक्ती. युरोपात रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगोला हे इंजिन असायचं. इथे वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत फायबरची बॉडी म्हणजे वरदान, गंजायचा प्रश्नच नाही. घासली तर होड्यांना फायबर मारणारा पोरगा अर्ध्या दिवसात बुजवून देतो. खरी अडचण इंजिनाची. ह्या इंजिनाची दुसरी गाडी आमच्या रस्त्यावर मला कधी दिसली नाही, म्हणजे साधं गॅस्केट लागलं तरी शोधाशोध. घेतानाच हे माहीत होतं, तरी घेतली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

२०२३च्या दिवाळीनंतर शिरोड्याहून येताना रेडिएटरचा पाइप फुटला. काटा वर गेलेला दिसला, पण घर तीनच किलोमीटरवर होतं, म्हणून तशीच आणली. ही चूक माझीच. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर तेल दूध घातलेल्या चहासारखं. तेलात पाणी गेलं होतं.

गाडी टोचन करून हायवेवरच्या एका गॅरेजात नेली. गॅरेजचं नाव, गाव काही लिहीत नाही, कारण प्रकरण सुरू आहे. मेस्त्री बोलायला गोड. दारात दोन जुन्या जीप, एक बॉनेट उघडलेली काँटेसा, भिंतीवर गणपती. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, केसाएवढी रेघ. "ब्लॉक क्रॅक आसा. ह्येका आता काय्येक होऊचा नाय." फोटोत तळहाताएवढाच भाग दिसत होता. तो कुठल्या इंजिनाचा होता ते देव जाणे. मी विचारलं नाही. ब्लॉक तडकलाय का हे ठरवायला प्रेशर टेस्ट असते, कुठलाही बरा इंजिन रिबोअरवाला करून देतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मनातून मला ते ऐकायचंच होतं, हे आज कबूल करतो. कारण त्याच्या पुढच्याच वाक्यात एस्टीमचं इंजिन होतं.

जुन्या मारुतीवाल्यांना सांगायला नको. एस्टीमचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, इंजिन १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८५ अश्वशक्ती. सुटे भाग कुडाळात मिळतात, सावंतवाडीत मिळतात. हलक्या गाडीत साठाच्या जागी पंच्याऐंशी. "गाडी अशी पळतली, बघतच रवशात." पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं बोलू नये.

ठरलं ते असं: इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर), माउंटिंग, सगळं धरून १,३५,०००. जुनं इंजिन भंगारात देऊन त्याचे ८,००० तो वजा करणार. पासिंगची काळजी नको, त्याचा एजंट आहे. विम्याच्या कामाला म्हणून आरसीची झेरॉक्सही घेतली. हे आठ हजार लक्षात ठेवा. मी त्या दिवशी घरी येऊन हिला सांगितलं की मेलेल्या इंजिनाचेही आठ हजार सोडवले.

मी अगदीच बेसावध होतो असं नाही. नवं इंजिन आलं तेव्हा मुद्दाम गेलो. जमिनीवर ठेवून सुरू करायला लावलं. कॉम्प्रेशन तपासायला लावलं, चारही सिलिंडर सारखे आले. धूर नाही, आवाज नाही. व्हॉल्व्ह सोळा आहेत ना, विचारलं. आहेत. ब्लॉकवरचा नंबर बघितला, तिथे ताजा चांदीचा रंग होता आणि खाली जी, एक, तीन अशी अक्षरं, म्हणजे एस्टीमच्या इंजिनाची खूण. रंग कशाला, तर म्हणे खारी हवा. पटलं.

मग पुरवण्या सुरू झाल्या. रेनोच्या चाकांना मारुतीचा गिअरबॉक्स जोडायचा तर ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकांपर्यंत जोर नेणारे दांडे, खास बनवावे लागतात, त्याचे वीस हजार. हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्याचे, पंधरा. पुढचा आडवा पत्रा कापून नवीन ब्रॅकेट वेल्ड केले, त्याचे बारा. शिमग्याला देतो म्हणाला, मग आंब्यात मलाच वेळ नव्हता, आणि गाडी हातात आली मृगाच्या पहिल्या पावसात. बारीकसारीक धरून एकूण १,९८,०००. सगळे रोख किंवा त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. पावती एकही नाही. मागितली तेव्हा "आपला काय परकेपण आसा?" असं म्हणाला, आणि कोकणात ह्या वाक्यावर पुन्हा पावती मागणं म्हणजे भांडण काढल्यासारखं होतं.

गाडी पळायला लागली, हे खरं. सायलेन्सर त्याने मोकळा केला होता, आवाज असा की वाडीतली कुत्री रस्ता सोडायची. आवाज वाढला की जोर वाढला असं वाटतं. पहिल्या दोन गिअरला झेपावायची, पुढे गेल्यावर मात्र नुसतीच ओरडायची. रेडिएटरचा पंखा स्विचवर, तापमानाचा काटा मेलेला, स्पीडोमीटर मनाला येईल ते दाखवणारा. मुलगा म्हणाला, "बाबा, ही ऐंशीला दमते." मी त्याला गप्प केलं.

ऑक्टोबर २०२४मध्ये आंबोली घाटात शाफ्ट तुटला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये होतो. खाडकन आवाज झाला, इंजिन मोकळं ओरडायला लागलं आणि गाडी मागे सरकू लागली. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळा जोर त्या तुटक्या बाजूलाच फिरवतं, दुसऱ्या चाकाला काही पोचत नाही. ब्रेक होता म्हणून थांबलो. मागे भाजीचा टेम्पो होता, त्याच्या ड्रायव्हरने उतरून चाकामागे दगड लावला आणि मगच मला शिव्या दिल्या.

गाडी सावंतवाडीला एका काकांकडे नेली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आता घरामागच्या शेडमध्ये हौसेने कामं करतात. त्यांनी शाफ्टचे दोन तुकडे हातात दिले. अर्धा मारुतीचा, अर्धा रेनोचा, मधोमध नुसता वेल्ड. तुटला होता तो वेल्डवर नाही, वेल्डच्या शेजारी. कडक केलेलं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने तिथे ठिसूळ होतं, काका म्हणाले. असा शाफ्ट अख्खा नवीन करून घ्यायचा असतो, जोडायचा नसतो. वीस हजार मी बनवायचे दिले होते, त्याने जोडून दिला होता.

मग त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि विचारलं, "हे एस्टीमचं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

पुढचं जे केलं ते प्रत्येकाने शिकून ठेवावं, म्हणून सविस्तर लिहितो. काकांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला. अंगणातल्या खराट्यातून माडाची एक जाड, सरळ हीर ओढली, पुसली, आणि प्लगच्या भोकातून हलकेच पिस्टनवर टेकवली. क्रँक पुलीला पाना लावून मी इंजिन हळूहळू फिरवलं. पिस्टन अगदी खाली असताना हिरेवर पेनने एक खूण, अगदी वर आल्यावर दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. (हीर मोडून आत राहिली तर हेड खोलावं लागेल, तेव्हा फिरवताना घाई नको.) एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर. पट्टी लावली तर साठ-एकसष्टच्या आसपास. प्लग जरा तिरका असतो, हीर वाकते, एखाद-दोन मिलिमीटरचा घोळ होणारच, पण चौदा मिलिमीटर कुठे लपणार? ६१ मिलिमीटर स्ट्रोक झेनच्या इंजिनाचा. ९९३ सीसी. एकाच घराण्यातली दोन भावंडं, तोंडवळा सारखा, एमपीएफआय झेनलाही सोळाच व्हॉल्व्ह. आणि ताकद ६० अश्वशक्ती.

साठ घोडे काढून, दोन लाख देऊन, मी साठच घोडे बसवून घेतले होते.

चांदीचा रंग थिनरने पुसला तेव्हा खाली ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा दिसल्या. मूळ नंबर घासून त्यावर वेड्यावाकड्या पंचने नवा ठोकलेला. इथे माझ्या पोटात खरा गोळा आला. इंजिन छोटं निघालं ते एक वेळ गिळलं असतं, पण नंबर घासलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे मी कशावरून सांगणार? भंगारवाल्याचं बिल नाही, ज्या गाडीतून निघालं तिचा कागद नाही.

त्यात माझ्या गाडीची नोंदणी २००० सालची. खाजगी गाडीची पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१५ आणि २०२०चं आधीच्या मालकाने केलं होतं, २०२५चं माझ्या वाट्याला आलं. पासिंगला चासी आणि इंजिन, दोन्ही नंबर आरसीशी ताडून बघतात. मेस्त्रीच्या एजंटचा फोन लागेना. वकिलाकडे गेलो तर त्यांनी आधी मलाच झापलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं आहे. इंजिन बदललं तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मेस्त्री "एजंट आहे" म्हणतो तेव्हा तो हे सगळं तुमच्या डोक्यावर ठेवत असतो. इंजिन बदलल्याचं विमा कंपनीलाही मी काही कळवलेलं नव्हतं, तेव्हा घाटात टेम्पो वेळेवर थांबला नसता तर तिथेही बोंबच होती.

मी मेस्त्रीकडे गेलो. ओरडायचं ठरवून गेलो होतो, पण जमलं नाही. तो म्हणाला, मलाही वरच्या माणसाने फसवलं. मी म्हटलं, मग माझं जुनं इंजिन दे, तडकलेलं का असेना, त्यावर नंबर तरी माझा आहे. "ता तर भंगारात गेला."

खरी गोष्ट कळली जानेवारी २०२५मध्ये. गोव्यातून एका अनोळखी गृहस्थांचा फोन. त्यांच्याकडेही स्टॉर्म आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी एका मेस्त्रीकडून रेनोचं इंजिन घेतलं, सोबत आरसीची झेरॉक्स मिळाली, तिच्यावर माझं नाव. त्यावरून शोधत आले. इंजिन आपल्या गाडीच्या आरसीवर चढवून घ्यायचं तर मालकाचं पत्र लागेल, देता का? बोलणं अगदी सभ्य. मी विचारलं, ब्लॉक कुठे वेल्ड केलात? त्यांना प्रश्नच कळला नाही. हेडला फेसिंग मारलं, म्हणजे घासून सपाट केलं, आणि गॅस्केट बदललं, नऊ हजारांत काम झालं, ब्लॉकला काय झालंय? इंजिनाचे त्यांनी सत्तर हजार मोजले होते.

म्हणजे झेनचं इंजिन हा त्याचा वरचा नफा. धंदा होता तो माझ्या इंजिनाचा. जे भारतात मिळत नाही, ते मी आठ हजारांना, वर त्याचे आभार मानून, त्याच्या दारात सोडून आलो होतो. इंजिन बदलायचंच असेल तर येणारं हजार वेळा तपासा, पण जुनं आधी घरी आणा. ब्लॉक फुटलेला असला तरी आणा, परसात फणसाखाली ठेवा, वर कोंबड्या बसू देत. कागदोपत्री गाडी म्हणजे ते आणि चासी. आणि "तुमचं इंजिन गेलं" असं जो सांगतो, त्यालाच नवं बसवायचं काम देऊ नका. हे सांगणारा एक आणि करणारा दुसरा असता, तर मी नऊ हजारांत सुटलो असतो.

त्या गृहस्थांकडे मी इंजिन परत मागितलं. त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, नुसतं "बघू" म्हणत बसू नये. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथूनही रस्ता सांगतात. पोलिसांकडे मी स्वतःहून गेलो आणि घासलेल्या नंबराची माहिती लेखी देऊन पोच घेतली. वकिलांनीच सांगितलं, लपवलंत तर तुम्हीच अडकाल. पावत्या नसल्याने पुरावा काय, तर मेव्हण्याच्या नंबरवर गेलेले पैसे आणि तो व्हॉट्सॲपचा फोटो. गाडी मांगरात ताडपत्रीखाली आहे. रस्त्यावर काढत नाही.

मार्चमध्ये मुलगा आणि मी गोव्याला गेलो. त्यांनी चहा दिला, मग बॉनेट उघडलं आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात लागलं. आवाज अगदी शिलाई मशीनसारखा, बारीक. मोबाइलचा टॉर्च मारून मी ब्लॉकवरचा नंबर वाचला, मुलगा आरसीवरून एकेक अक्षर ताडत होता. शेवटचे दोन आकडे तेलाने बुजले होते, ते रुमालाने पुसले. फोटो काढू का म्हणून विचारलं, ते म्हणाले काढा. तो तक्रारीला जोडला आहे.