साखळीवाला बर्गर की गेटजवळचा?

मागच्या महिन्यात निपाणीच्या मावसभावाचा फोन आला. पोरीचा दहावा वाढदिवस आहे, तिला बर्गर खायचाय, सगळे मिळून सात जण बेळगावला येतो म्हणाला. सातांत आमची मावशीही आली. वय त्र्याहत्तर, दातांची कवळी. "मोठ्या साखळीवाल्याकडं जाऊ, का तू नेहमी जातोस तिथं?" साखळीवाला म्हणजे गावोगावी एकाच नावाची दुकानं असलेली बर्गरची मोठी कंपनी. मी म्हणालो, दोन्ही बरं आहे. खोटं बोललो नाही, पण पोटातलं सगळं सांगितलंही नाही. ते आता सांगतो. त्याच्यासारखे विचारात पडलेले आणखीही असतील.

"तिथं" म्हणजे टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटजवळ, सहा टेबलांचं दुकान. नाव सांगत नाही. गर्दी वाढली तर मलाच जागा मिळायची नाही. साखळीवाल्याचंही नाव घेत नाही, त्याचं कारण वेगळं. कोल्हापूर, हुबळी, पुणे धरून मी तीन निरनिराळ्या साखळ्यांत खाल्लंय आणि माझं गाऱ्हाणं तिन्हींकडं एकच आहे. मग एकट्यालाच कशाला बोल लावायचा?

आधी साखळीच्या बाजूचं सांगतो, कारण ते कमी नाही. बेळगाव ते कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटर. आई बरोबर असली की मी आधी स्वच्छतागृह बघतो, मेनू मागनं. या बाबतीत गेटजवळच्या दुकानाबद्दल न बोललेलं बरं. फ्रेंच फ्राइजही साखळीचेच चांगले, हे मी मुकाट्यानं कबूल करतो. गेटजवळचे फ्राइज गाडी जाऊन फाटक वर होईपर्यंत मऊ पडतात.

आणि वैनींचा मुद्दा. वैनी माळकरी. बाहेर कुठंही गेलं की त्यांचा पहिला प्रश्न, "कढई वेगळी आहे काय?" मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं, तेव्हापासून त्यांनी इथं गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलेलंच नाही. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाच्या जागा त्यांच्याकडं वेगळ्या असतात, मेयोनीजही बिनअंड्याचं. सगळ्या जगाला बीफचा बर्गर विकणारी कंपनी आपल्याकडं येऊन बटाट्याच्या टिक्कीवर उभी राहिली, म्हणजे शेवटी वडापावच्याच वाटेला लागली म्हणायची. तोच प्रश्न वैनींनी गेटजवळच्या मालकाला विचारला, तर तो म्हणाला, "तवा वेगळा हाय वैनी, पण हात माझेच." उत्तर प्रामाणिक, पण वैनी तिथं आजवर कोल्ड कॉफीच्या पुढं गेलेल्या नाहीत. घरात कोणी असं काटेकोर असेल तर साखळीतच जा, खाली वाचायचीही गरज नाही.

चवीचं काय सांगू? साखळीचा बर्गर कोल्हापुरात जसा लागतो तसाच हुबळीत. पोरांना तेच आवडतं, माझ्या मुलीलाही. गेटजवळच्याचा बन कॅम्पातल्या बेकरीतून चारच्या सुमाराला येतो, किंचित गोडसर, बोट दाबलं तर परत वर येणारा. टिक्कीत वाटाणा जरा जास्त, हिरवी मिरची त्या दिवशीच्या त्याच्या मूडप्रमाणं. एखाद्या दिवशी मीठ चुकतं. पण तो चुकतो तेव्हा सांगता येतं, आणि पुढच्या वेळी त्याच्या लक्षात असतं. २०२३च्या पावसाळ्यात टोमॅटो महागले तेव्हा मोठ्या साखळ्यांनी देशात ठिकठिकाणी बर्गरमधून टोमॅटोच काढून टाकला होता. आमच्या मालकानं काकडी घातली आणि फळीवर खडूनं लिहून ठेवलं, "टोमॅटो परवडत नाही, माफी असावी." काकडीचा बर्गर काही खास लागला नाही. ती फळी मात्र आवडली.

पैशाचं एका वाक्यात उरकतो. सात जणांचे साखळीत जीएसटीचे पाच टक्के धरून अठराशेच्या वर गेले होते. गेटजवळ तेवढ्याच माणसांचं हजारात भागतं. अर्थात साखळीत एसी आहे, आणि एसीचे पैसे कुठंतरी लागणारच.

आता खरं दुखणं.

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन साखळीत गेलो होतो. ऑर्डर पडद्यावर बोट लावून द्यायची. आई मराठी चौथी शिकलेली, कन्नड फाडफाड बोलते पण वाचत नाही, आणि पडद्यावर इंग्रजी. ते मी दिलं, त्याचं काही नाही. (गेटजवळच्या दुकानाचा बोर्ड कन्नडात मोठा, इंग्रजीत लहान, आणि मराठी गल्ल्यावरच्या माणसाच्या तोंडात. आमच्या भागात असंच चालतं.) बर्गर आला. वीतभर उंच. आईनं तो दोन्ही हातांत धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि हळूच म्हणाली, "अर्धा करून मागव की. तू अर्धा खा."

काउंटरवर गेलो. पोरगा विशीतला, बोलायला गोड. "सर, नाइफ नाहीये." म्हटलं, आत असेल की, कांदा कशानं चिरता? "सर, तसं नाही देता येत." त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. तिथं प्रत्येक बर्गर ठरल्याप्रमाणं रचून, कागदात गुंडाळून पुढं सरकवायचा असतो. मधे सुरी घेऊन थांबायला कुणाला सवड नसते. शिवाय मुळात बर्गर हे एकट्यानं खायचं खाणं असावं. ज्याचा त्याचा कागद, ज्याचा त्याचा ग्लास.

पण आपण बेळगावची माणसं. आपल्याकडं चहा बाय टू, सूप बाय टू. मसाला डोसासुद्धा बाय टू सांगितला तर वेटर काही न विचारता दोन ताटल्या, दोन चटण्या आणतो. पैसे वाचवायला म्हणून नव्हे, निदान तेवढ्यासाठीच नव्हे. आईला अर्धाच हवा असतो, आणि उरलेला अर्धा कुणाच्या पोटात गेला हे तिला डोळ्यांनी बघायचं असतं.

मी लाकडी चमच्यानं कापायला गेलो. टिक्की मागनं सटकली, सॉस तिच्या लुगड्यावर. तिनं पदरानं पुसलं, एक घास वरच्या पावाचा खाल्ला आणि म्हणाली, "तुम्ही खावा, मला भूक नाही." रात्री साडेनऊला घरी येऊन तिनं ताकभात मागून घेतला.

एवढंच झालं. याला कुणी तक्रार म्हणणार नाही, मीही कुठं केली नाही. पण त्यानंतर आई असली की माझी गाडी आपोआप पहिल्या गेटकडं वळते. तिथं ऑर्डर देताना मालकच विचारतो, "बाय टू करू, का बाय फोर?" मग करवतीसारखी दातेरी सुरी घेतो, बनवर तळहात टेकवून आरपार कापतो, प्रत्येक तुकड्याला टूथपिक टोचतो आणि स्टीलच्या ताटलीत देतो. आईचा तुकडा तो आपणहून चपटा दाबतो. हे त्याला मी सांगितलेलं नाही.

याच्या उलट मतंही ऐकून घ्या. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या मते बर्गर कापून खाणं म्हणजे वडापाव काट्यानं खाण्यासारखं आहे. तो नि त्याचे मित्र साखळीत एका कोकवर दोन तास बसतात, मोबाइल चार्ज करतात, त्यांना कुणी उठवत नाही. गेटजवळ अर्ध्या तासानं मालक टेबल पुसायला येतो, त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पुतण्याचं त्याच्या जागी बरोबरच आहे. मुलीला साखळीतलं खेळणं हवं असतं, त्यालाही माझ्याकडं उत्तर नाही. उद्यमबागेत फाउंड्रीत असलेला माझा मित्र दोन्हीला नाक मुरडतो, "तेवढ्या पैशात मिसळ आली असती की ओ." त्याला या तुलनेत घ्यायलाच नको.

तेव्हा कॉलेजची पोरं असतील, घरात माळकरी असेल, किंवा नुसतं हायवेवर थांबायचं असेल, तर साखळी बरी. मी स्वतः अजून अधूनमधून जातो, फ्राइजसाठी. पण बरोबर म्हातारं माणूस असेल, किंवा सात जणांत पाच बर्गर पुरणार असतील, तर मला वाटतं, म्हणजे माझ्यापुरतं वाटतं, गेट बरं.

मावसभावाला काल कळवलं. सोमवारी बंद असतं, शनिवारी या. साडेपाचच्या आत पोहोचा, नंतर पोरांची गर्दी होते, आणि फाटक पडलं तर पलीकडं अडकून बसाल. केक बाहेरचा चालतो, मेणबत्त्या तेवढ्या आठवणीनं आणा. वैनींना कोल्ड कॉफी. मावशीसाठी पंख्याखालचं टेबल मी पाचलाच जाऊन धरून ठेवतो.