आऊटबोर्डचा लाकडी पाट बदलून घेताना: दाभोळ खाडीकाठच्या एका सुतारशाळेचा अनुभव

माझी शिडाची होडी १८ फुटांची, फायबरची आहे. तिच्या मागच्या बाजूला वर-खाली होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर ५ अश्वशक्तीचे आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या बाहेरून पकडीने आवळायचे, इंजिन असते. सकाळचा मतलई वारा पडला आणि खाऱ्या वाऱ्याला अजून अवकाश असला, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत शीड नुसते शोभेला उरते. अशा वेळी सुमारे २५ किलोंचे हे इंजिन ब्रॅकेटवरच्या ज्या लाकडी पाटाला आवळलेले असते, तो शाबूत असावाच लागतो.

गेल्या एप्रिलपासून पकडीचे स्क्रू दर फेरीनंतर अर्धा फेरा सैल झालेले आढळू लागले. इंजिन उतरवून पाहिले, तर स्क्रूंच्या चकत्यांनी लाकडात दोन गोल खळगे पाडले होते. खालच्या बोल्टाशेजारी पेचकस टेकवताच तो बोटाच्या पेराएवढा आत गेला आणि भोकातून चहाच्या चोथ्यासारखे काळपट पाणी ओघळले. ब्रॅकेट आणि होडी यांच्यामधली पातळ फळीही चेपून चिरफळली होती.

खाडीकाठच्या ज्या सुतारशाळेत मी हे काम दिले, तिथे मुख्यतः मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त होतात. मिस्त्रींनी जुना पाट करवतीने मधोमध कापला, आतला भाग मला दाखवला आणि म्हणाले, "साहेब, फळी नाय कुजली, भोकं कुजली." ते खरे होते. वार्निश केलेला दर्शनी भाग कोरडा ठणठणीत होता. बोल्टांसाठी पाडलेल्या भोकांना मात्र आतून कधीच काही लावलेले नव्हते. इंजिनाच्या कंपनाने ती लंबगोल झाली, पाणी आत मुरत राहिले आणि कूज तिथूनच पसरली.

प्लास्टिकची जाड एचडीपीई फळी बसवावी, असा माझा आग्रह होता, कारण ती कुजत नाही. सततच्या दाबाखाली ती हळूहळू दबते आणि तिला ना गोंद धरतो ना रंग, म्हणून मिस्त्रींनी ती नाकारली. पकडीखाली धातूची पट्टी दिली तर हा दोष बराच कमी होतो, असे माझे अजूनही मत आहे. पण तो वाद मी वाढवला नाही. अखंड साग बोल्टांच्या रेषेत उभा चिरू शकतो, शिवाय त्याच्या तेलकटपणामुळे थिनरने पुसल्याशिवाय त्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) नीट बसत नाही. शेवटी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले १९ मिलिमीटरचे मरीन प्लायवूडचे दोन तुकडे चिकटवून ३८ मिलिमीटरचा पाट केला. दुकानदार प्लायवूडची अख्खी शीट घ्यायला लावतो; इथे मोठ्या कामातून उरलेला तुकडा वापरल्याने तो खर्च वाचला.

सर्वांत मोलाचे काम भोकांचे झाले. ८ मिलिमीटरच्या बोल्टासाठी आधी १२ मिलिमीटरचे भोक पाडले, मागून चिकटपट्टी लावून त्यात घट्ट कालवलेली इपॉक्सी भरली आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध ८ मिलिमीटरचे भोक पाडले. आता बोल्टाला लाकूड कुठेच लागत नाही. प्लायवूड पाणी पिते ते मुख्यतः कडांतून, म्हणून कडांना इपॉक्सीचे दोनाऐवजी तीन हात दिले.

तक्रारीही आहेत. आठ दिवसांचे काम चोवीस दिवस लांबले. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि त्याआधी प्रत्येकाला आपली होडी तयार हवी असते, त्यामुळे जुलैत काम नेले ही चूक माझीच. मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले असते, तर तीन खेपा वाचल्या असत्या. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरली होती. ती पाण्याने न धुता त्यावरच दुसरा हात दिला गेला आणि एका कोपऱ्यात तो पापुद्र्यासारखा सुटला. तो त्यांनी विनामूल्य घासून पुन्हा केला, हे नमूद केले पाहिजे. बोल्टांचे मात्र समर्थन करता येणार नाही. मी ३१६ प्रतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारे, स्टेनलेस सांगितले होते. जे बसवले, त्यांच्या डोक्यांवर दोन आठवड्यांत तांबूस डाग उमटले. ते मी स्वतः बदलले आणि होडीच्या आतून रुंद वायसर घातले.

मजुरी व सामान धरून ४,२०० रुपये झाले. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पकडीचे स्क्रू पाव फेरा आवळावे लागले, तो रंग दबल्याचा परिणाम होता. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते हललेले नाहीत. सुकाणूचे काम येत्या मार्चमध्ये मी त्याच मिस्त्रींकडे देणार आहे; बोल्ट तेवढे माझे मी आणून देईन.